आठ स्थळांचा नकाशा

मधुसूदनला कंपनीने तीन आठवड्यांच्या कोर्ससाठी पुण्याला पाठवलं, तेव्हा त्याचा त्रास आपल्याला होणार आहे असं घरात कुणाच्या मनातही आलं नव्हतं. पंचाहत्तर सालची गोष्ट. डिझेलचे भाव चढले होते. आकुर्डीच्या त्याच्या कंपनीच्या अकरा बस कामगारांची ने-आण करत साऱ्या मुलखात फिरत होत्या. ट्रान्सपोर्ट सेक्शनमधला चुणचुणीत पोरगा म्हणून साहेबांनी याला धाडलं, की जा, रस्त्यांचं शास्त्र शिकून ये आणि डिझेल वाचव. पोरगा शिकून आला. डिझेलचं काय झालं ते पुढे कळेलच, पण चिंचवड स्टेशनाजवळच्या त्या दोन खोल्यांत मायलेकींच्या कानांना त्या दिवसापासून विसावा मिळाला नाही.

नळाला पाणी कमी आलं की हा टॉवेल गुंडाळून पाइप न्याहाळत उभा. "आई, पाणी म्हणजे वाहतूकच. टाकीतून जेवढं निघालं तेवढं घरोघर पोचलं पाहिजे. पोचत नसेल तर मध्ये कुठेतरी अडलंय." भिंतीवर मुंग्यांची रांग दिसली की वाहतूक. शेजारणींनी आपसांत कुजबुज केली की वाहतूक. त्याच्या मते जगात दोनच वस्तू होत्या, थांबे आणि वाटा. रस्ते घ्या, अंगातल्या रक्तवाहिन्या घ्या, टेलिफोनच्या तारा घ्या, नाहीतर एकाने दुसऱ्याच्या कानात सांगितलेली गोष्ट घ्या. थांबे आणि वाटा कागदावर काढल्या की कुठे काय तुंबलंय ते आपोआप दिसतं.

"तुझं डोकं कुठे तुंबलंय तेवढं दिसतं का बघ त्या कागदावर," आई म्हणायची.

अरुंधती हसायची. ती मधुसूदनपेक्षा तीन वर्षांनी मोठी, अठ्ठावीस पूर्ण झालेली, पिंपरीच्या एका कंपनीत ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होती. इंजिनियरांनी पेन्सिलीने काढलेल्या ड्रॉइंगवर ट्रेसिंग पेपर ताणून बसवायचा आणि रेघ न् रेघ शाईत उतरवायची, हे तिचं आठ तासांचं काम. शाईची रेघ चुकली तर ब्लेडच्या टोकाने इतक्या हलक्या हाताने खरवडायची की कागदालासुद्धा कळता कामा नये. असा हात घरात असल्यावर मधुसूदन कशाला सोडतोय! त्याचे कच्चे नकाशे रविवारी तिच्या पुढ्यात यायचे. "ताई, तेवढं फेअर करून दे ना."

बरं, नुसती बडबड असती तर गोष्ट वेगळी. पण पोराचं शास्त्र कधी कधी खरं ठरायचं. त्यांच्या कंपनीत ओव्हरटाइम बंद होणार अशी आवई उठली, तेव्हा साहेब लोकांनी युनियनच्या पुढाऱ्यांवर डोळे वटारले. मधुसूदनने पंचवीस माणसांना फक्त एवढंच विचारलं, की तू कुणाकडून ऐकलंस. उत्तरं कागदावर मांडली, तर सगळ्या वाटा कॅन्टीनमध्ये कूपन घेणाऱ्या किसनच्या खिडकीशी येऊन मिळालेल्या. बिचारा किसन, ज्याने जे सांगितलं ते पुढच्याला सांगत होता एवढंच.

"थांबा मोठा की लहान हे हुद्द्यावर ठरत नाही ताई," तो म्हणाला. "त्याच्यावरून किती वाटा जातात त्यावर ठरतं. कासारवाडी पुण्यापुढे केवढीशी? पण तिथलं रेल्वेचं फाटक पडलं की अख्खी भोसरी अडकते."

याच कासारवाडीने पुढे त्याचं नाक कापलं. अकरापैकी नऊ बस त्याने कासारवाडीच्या फाटकावरून वळवल्या. फेरे कमी झाले, डिझेल वाचलं, साहेबांनी पाठ थोपटली. बाराव्या दिवशी ओतीव लोखंड भरलेल्या एका ट्रकचा आस नेमका रुळांवर मोडला आणि नऊच्या नऊ बस एकामागे एक उभ्या राहिल्या. पहिली शिफ्ट दोन तास उशिरा भरली. सयाजी म्हणून मावळातला जुना ड्रायव्हर होता, त्याने सगळ्यांसमोर सुनावलं, "साहेब, पूर्वी आमी एक रस्ता बंद दिसला की दुसऱ्यानं काढत हुतो. आता कागदावर एकच वाट हाय. मंग आमी काय करनार?" त्या दिवशी मधुसूदन घरी आला तो तोंड पाडून. "सगळं एका फाटकावर टाकलं की स्वस्त पडतं ताई, पण एक राखीव वाट ठेवायला हवी होती." अरुंधती तेव्हाही हसली. दुसऱ्याच्या चुकीला हसायला काही पैसे पडत नाहीत.

आणि मग आषाढ सरता सरता आईच्या तोंडून ते वाक्य गेलं. ती वाटाणे सोलत होती. मधुसूदनचं पालुपद चालूच होतं. आई वैतागून म्हणाली, "रस्त्यांची कळते, पाण्याची कळते, अफवांचीसुद्धा वाहतूक कळते तुला. मग माझ्या मुलीची स्थळं कुठे तुंबलीत तेवढं शोध की! तीन वर्षं झाली, या दाराशी कुणी चहाला म्हणून आलेलं नाही." थट्टेत बोलायला गेली आणि डोळे भरून आले तिचे.

मधुसूदनने वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत जी चमक आली ती पाहून अरुंधती धास्तावली. कारण स्थळं कुठे तुंबली होती ते तिला ठाऊक होतं. तिनेच तुंबवली होती.

तिच्या ड्रॉइंग ऑफिसात गुरुदत्त नाडगौडा म्हणून एक डिझाइनर होता. मूळचा मिरजेचा, आईवडील लहानपणीच गेलेले, काकांनी वाढवलेला. ट्रेसरणींनी केलेली कामं तपासणं त्याच्याकडे होतं. बाकीचे तपासणारे चुकीवर लाल पेन्सिलीने भला मोठा गोल काढायचे, म्हणजे तो मुख्य ड्राफ्ट्समनच्या डोळ्यांत भरायचा. हा चुकलेल्या रेघेखाली साध्या पेन्सिलीने बारीकसा ठिपका द्यायचा आणि कागद गुपचूप परत ठेवायचा. अरुंधती रेघ खरवडायची, दुरुस्त करायची, ठिपका पुसायची. दीड वर्षात त्यांच्यात झालं ते एवढंच. तिच्या चुका मात्र वाढत चालल्या होत्या. त्या सगळ्याच काही हाताच्या नव्हत्या, हे तिला कळत होतं आणि बहुधा त्यालाही.

बहात्तरच्या दसऱ्याच्या दिवशी तो नोकरीसाठी राउरकेल्याला निघाला. आदल्या संध्याकाळी बसच्या थांब्यावर तो तिच्याशेजारी येऊन उभा राहिला आणि समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाला, "तीन वर्षं काढीन म्हणतो तिकडे. जरा पाय रोवले की रीतसर विचारीन. चालेल?"

"चालेल," ती म्हणाली.

"पत्र टाकू का मधूनमधून?"

"नको. पत्र आलं की आधी आई वाचते."

तिची बस आली. पायरीवर चढताना तिने मागे वळून पाहिलं आणि तो हसला. ते हसू तिने तीन वर्षं पुरवून पुरवून वापरलं.

आता तीन वर्षं स्थळांना थोपवायचं कसं? वडील गेल्यापासून या घराची सगळी सोयरीक त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, शालनआत्याच्या हातात होती. आत्या चिंचवडगावात मोरयाच्या देवळाच्या वाटेवर राहायची. दर संकष्टीला पुण्याहून, तळेगावहून, भोसरीहून, कधी सांगली-मिरजेहूनसुद्धा माणसं मोरयाच्या दर्शनाला यायची आणि दर्शन झालं की आत्याच्या ओसरीवर टेकायची. उपासाचा चहा व्हायचा, आणि चहाबरोबर पिशव्यांतून पत्रिका निघायच्या. बालविधवा बाई, पोटी काही नाही. लोकांची लग्नं जमवणं हाच तिचा संसार. सत्तावीस जमवली होती तिने.

अरुंधती तिच्याकडे गेली आणि म्हणाली, "आत्या, तीन वर्षं माझ्यासाठी कुणाचंही स्थळ घरी धाडू नकोस. परस्पर नाही म्हणून टाक. आईला कळता कामा नये. आणि मलासुद्धा सांगू नकोस. नाव नाही, गाव नाही, काही नाही. मला ठाऊकच नसलं म्हणजे आईशी खोटं बोलावं लागणार नाही. मोरयाची शपथ आहे तुला."

आत्याने डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं, पण का म्हणून विचारलं नाही. स्थळाला नाही म्हणायची आपल्याकडे एकच सभ्य रीत आहे. पत्रिका जमत नाही म्हणायचं. त्यात कुणाचा अपमान नाही, कुणाचा दोष नाही, सगळा भार ग्रहांवर. आत्याने तीन वर्षं तो भार ग्रहांवर टाकला आणि आईला ताकास तूर लागू दिली नाही.

आणि आता मधुसूदन कागद घेऊन बसला होता.

मोठ्या हौसेने त्याने कामाला हात घातला. मावशीला सांगलीला कार्ड टाकलं, वडिलांच्या मित्रांना टाकलं, ऑफिसातल्या जोशीकाकूंना जाऊन भेटला. प्रत्येकाला दोनच प्रश्न. ताईसाठी तुम्ही कुठलं स्थळ सुचवलंत? आणि ते पुढे कुणाकडे दिलंत? श्रावणात एकेक उत्तर यायला लागलं. पोस्टमनची सायकल दारात थांबली की अरुंधतीचे कान टवकारायचे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. पण त्या भीतीच्या तळाशी एक वेडा आनंदही होता. दसरा जवळ येत होता. पकडली गेले तर जाईन, तिला वाटायचं. तोवर तो येईलच. ऑफिसात बसल्या बसल्या मनात ती रोज त्याला बसमधून उतरवायची. कधी निळ्या शर्टात, कधी पांढऱ्या. काका सोबत आहेत, हातात पिशवी आहे, आणि तो चाळीतला खोलीनंबर विचारत जिना चढतो आहे. आई दार उघडते. इथवर आलं की तिला रेघा आखायचं रूलिंग पेन खाली ठेवावं लागायचं. इतकी वाट माणसाने कुणाची पाहू नये. पण पाहिली जाते, त्याला इलाज नाही.

श्रावणातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी मधुसूदनने जेवणं झाल्यावर कच्चा नकाशा तिच्यापुढे ठेवला. "झालं ताई. शोध लागला. आईला संध्याकाळी दाखवायचाय, जरा नीट काढून दे."

कागदाच्या उजव्या टोकाला चौकोन होता, 'आपलं घर'. डाव्या बाजूला नऊ ठिपके, त्यांना आकडे आणि आकड्यांपुढे नावं. मध्ये एक मोठा गोल, 'शालनआत्या'. एक वाट ठिपक्यापासून सरळ घरी येत होती. ते अकोल्याचं स्थळ पोस्टाने थेट आलं होतं आणि त्या मुलाला डॉक्टरीण हवी होती. उरलेल्या आठ वाटा गोलाशी येत होत्या. गोलापासून घराकडे एकही वाट जात नव्हती.

"आठ आत गेली आणि शून्य बाहेर," मधुसूदन हळू आवाजात म्हणाला. "आठांनाही एकच उत्तर, पत्रिका जमत नाही. आठ वेगवेगळ्या पत्रिका एका पत्रिकेशी जमत नाहीत असं कधी असतं का? फाटक आत्याने पाडलंय, ताई. का ते मला माहीत नाही. पण तिनेच पाडलंय." आणि डोळ्यावर झापड आली म्हणून तो आतल्या खोलीत जाऊन आडवा झाला.

अरुंधतीने ट्रेसिंग पेपर ताणून बसवला. हात सरावाने चालत होता, डोकं दुसरीकडेच होतं. सापडलंच आहे, तर आज संध्याकाळी सांगून टाकू. एक्कावन्न दिवस तर उरलेत. चौकोन काढला, गोल काढला. मग आकड्यांपुढची नावं उतरवायला घेतली. एक, जोशीकाकूंकडून, भोसरीचे वर्कशॉपवाले. दोन, मावशीकडून, इचलकरंजी. तीन, तळेगाव. चार, पाच. नावं नुसती नजरेखालून जात होती. ज्यांची नावं ऐकायची नाहीत म्हणून तीन वर्षांपूर्वी शपथ घातली, त्यांचं तिला काय होतं!

सहा. मावशीकडून, मिरज. नाडगौडा, पुतण्या राउरकेल्यास. माघ, चौऱ्याहत्तर.

तिने ते पुन्हा वाचलं. मग मावशीचं कार्ड शोधून काढलं. मावशीने तिच्या नेहमीच्या किरट्या अक्षरात लिहिलं होतं, की मिरजेच्या नाडगौडांनी मोठ्या आस्थेने विचारलं होतं, मुलगा स्वतःहून म्हणाला म्हणत होते, मी त्यांना तुझ्या शालनआत्याचा पत्ता दिला, पुढे पत्रिका जमली नाही असं कळलं, वाईट वाटलं.

माघ चौऱ्याहत्तर. तीन वर्षं म्हणाला होता तो, आणि सव्वा वर्षातच विचारलं होतं त्याने. राहवलं नसेल. तिला जसं राहवत नव्हतं तसंच त्यालाही राहवलं नसेल. आणि रीतसर म्हणाला होता, तसंच रीतसर विचारलं होतं. काकांना सांगून, ओळखीतून, आत्याच्या ओसरीवरून, ज्या वाटेने सगळ्या जगाची स्थळं येतात त्याच वाटेने. तिने मनात त्याला हजार वेळा बसमधून उतरवलं, जिना चढवला, पण आपला माणूस हेही जगाच्या लेखी एक स्थळच आहे, हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. पत्राची वाट तिने थांब्यावर उभ्या उभ्या बंद केली. दुसरी होती तिच्यावर फाटक पाडलं, आणि येणारा कोण ते बघायचं नाही अशी वर शपथ घातली. कासारवाडीच्या त्या फजितीला ती हसली होती. मधुसूदनचे निदान दोन तासच गेले होते.

ती रडली नाही. रडायला जे काही लागतं ते सगळं आत कुठेतरी आखडून बसलं होतं. तिने सात, आठ आणि नऊ उतरवलं, वाटा आखल्या, शाई वाळू दिली.

संध्याकाळी आईने नकाशा पाहिला. मधुसूदनला समजावून सांगायची गरजच पडली नाही. अशा गोष्टी बायकांना नकाशाशिवायही समजतात. तिचा चेहरा लालबुंद झाला.

"वन्सं! मला वाटलंच होतं. हे गेले तेव्हापासून माझ्यावर डूख आहे त्यांचा. माझ्यावर असू दे, पण पोरीच्या आयुष्यावर उठल्या? उद्या संकष्टी आहे ना? चारचौघं जमतील ओसरीवर. सगळ्यांसमोर विचारते. आणि उद्यापासून हा संबंध संपला."

"आई," अरुंधती म्हणाली, "आत्याला एक अक्षर बोलायचं नाही. मीच तिला सांगितलं होतं. शपथ घालून."

आई बघतच राहिली. "तू? का?"

"मला तीन वर्षं लग्न करायचं नव्हतं."

"अगं पण का? कुणासाठी?"

कुणासाठी, याचं उत्तर आज दुपारपर्यंत तिच्याकडे होतं. आता काय सांगणार? आई आधी चिडली, मग कपाळाला हात लावून बसली, मग उठून देवापुढे दिवा लावायला गेली आणि तिथेच बराच वेळ उभी राहिली. आईचंही काही चुकत नव्हतं.

मधुसूदन नकाशा हातात घेऊन खिडकीपाशी गेला होता. तिथून तो म्हणाला, "ताई, सहाव्याची वाट काढायची राहिली."

खरंच राहिली होती. आठ वाटांपैकी सातच गोलाशी येत होत्या. सहाव्या आकड्यापुढे नाव होतं, ठिपका होता आणि पुढे नुसता कोरा कागद. आठ वर्षांच्या नोकरीत तिच्या हातून अशी रेघ कधी सुटली नव्हती, हे मधुसूदनला माहीत होतं. त्याने नाव वाचलं. मग तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा नाव वाचलं. त्याने नकाशाची गुंडाळी केली, ती कपाटावर टाकली आणि तिच्याजवळ येऊन बसला.

"मला कशाला सांगितलं नाहीस गं?" एवढंच म्हणाला तो. "मी गेलो असतो की मिरजेला."

त्यावर ती रडली.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर ती बसने चिंचवडगावात उतरली. मोरयाचं दर्शन न घेताच आत्याकडे गेली. गर्दी ओसरली होती, ओसरीवर रिकामे पेले पडले होते आणि आत्या एकटीच ते गोळा करत होती. सत्तरीला आलेली, पाठीत वाकलेली. अरुंधतीने तिच्या हातातले पेले घेतले, विसळून पालथे घातले आणि मग म्हणाली, "आत्या, आईला कळलं. मधूने शोधून काढलं. मी सांगितलं तिला, की माझंच काम होतं."

"चला, सुटले एकदाची," आत्या म्हणाली. "माझ्यानं आता पेलवत नव्हतं बाई. माणसं येतात, आशेने बसतात, आणि मी आपली पत्रिका जमत नाही, पत्रिका जमत नाही."

"किती आली होती गं?" ठाऊक असूनही तिने विचारलं.

आत्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली. आता शपथेचं ओझं उतरलं होतं, तोंड मोकळं झालं होतं. भोसरीवाल्यांचा मुलगा जरा तिरळा होता. इचलकरंजीचे फार श्रीमंत, तुला झेपले नसते. असं करत करत ती थांबली.

"एक मात्र होतं हो. मिरजेचे नाडगौडा म्हणून. तो म्हातारा तीनदा आला. दोनदा तर संकष्टी नसताना आला, एवढ्या लांबून. पत्रिका जमत नाही म्हटलं, तर म्हणाला पत्रिका राहू द्या, मुलगा मानत नाही पत्रिका. एकदा मुलीच्या कानावर घाला, तिला कळेल. माझा जीव असा ओढला गेला अरू, काय सांगू! दोनदा पायात चप्पल घातली तुझ्याकडे यायला. पण तू शपथ घातलेली, ती मोरयाची. नावसुद्धा काढायचं नाही म्हणालेलीस. शेवटी तिसऱ्या वेळेला मीच खोटं बोलले. म्हटलं, मुलीला विचारलंय, तिचीच इच्छा नाही. तेव्हा कुठे उठला तो."

ओसरीच्या खांबाला टेकून अरुंधती ऐकत होती. म्हणजे त्याला ग्रहांचं उत्तर गेलं नव्हतं. तिचं गेलं होतं. तिकडे राउरकेल्यात कुणीतरी त्याला सांगितलं असेल, की मुलीची इच्छा नाही, आणि त्याने ते ऐकून घेतलं असेल. वाद घालणारा माणूस नव्हता तो.

"मग?" तिने विचारलं. स्वतःचा आवाज तिला परका वाटला.

"मग काय? यंदा वैशाखात झालं त्याचं लग्न. म्हातारा पेढे घेऊन आला होता, मनात काही न ठेवता. चांगली माणसं गं."

देवळात आरती सुरू झाली होती. आत्या तिच्या तोंडाकडे बघत होती. तिच्या म्हाताऱ्या डोळ्यांत हळूहळू काहीतरी घाबरल्यासारखं उतरायला लागलं होतं. सत्तावीस लग्नं जमवणारी बाई. माणसाचा चेहरा तिला वाचता येत नव्हता असं थोडंच?

"अरू, माझं काही चुकलं नाही ना गं?"

अरुंधतीला ओरडावंसं वाटलं. तीनदा आला म्हातारा, तीनदा, आणि तुला एकदा शपथ मोडता आली नाही? पण शपथ कुणी घातली होती? म्हातारीने तर दिल्या शब्दाला प्राणापलीकडे जपलं होतं. आणि हे तिला कळलं असतं, तर उरलेल्या दिवसांत तिने ना कुणाचं लग्न जमवलं असतं ना तोंडात सुखाने घास घातला असता.

"नाही आत्या. मी सांगितलं होतं तसंच केलंस तू."

"मी कधी विचारलं नाही, पण आता विचारते. तीन वर्षं म्हणाली होतीस. कुणी यायचं होतं का गं?"

"नाही. कुणी यायचं नव्हतं."

आत्याने मोठा श्वास सोडला आणि पदराने तोंड पुसलं. "मग बरं झालं बाई," ती म्हणाली. "त्या मिरजेच्या म्हाताऱ्याची मला आपली उगीच रुखरुख लागून राहिली होती."